पडद्यावरचा पेला

लकव्याच्या झटक्यानंतर गोदावरीबाईंचा उजवा हात घरी मांडीवर नुसता पडून असायचा. सून ऋता एका कडेवर वर्षाचं लेकरू सांभाळत त्यांना घास भरवायची, पाण्याचा पेलाही तीच ओठांशी धरायची. ब्राह्मणपारा मोहल्ल्यातल्या बाया कौतुक करायच्या, "सून असावी तर अशी. सासूले बोटबी हलवू देत नाही."

पंडरी बाजाराजवळच्या थेरपी सेंटरमध्ये मात्र, रोबोटच्या पट्ट्यात बांधलेला तोच हात समोरच्या पडद्यावरचा, चित्रातला भरलेला पेला अलगद उचलत होता. थेरपिस्ट सोनिया खूश झाली.

"भाभी, मशीन तो बस नाम को पकड़े है. उठा आंटीजी खुद रही हैं. घर में भी करवाती हो ना?"

"हव," ऋता खाली बघत म्हणाली.

झटक्यानंतर दवाखान्यातून घरी आल्यावर पहिल्याच जेवणात सासूबाईंच्या हातून वरणाची वाटी धुतलेल्या चादरीवर कलंडली होती. ऋतानं वाटी उचलून जरा जोरात आपटली होती. तेव्हापासून ती स्वतःच भरवायची. कामही लवकर उरकायचं.

परतताना ऑटोत तिनं न राहवून विचारलं, "आई, घरी काहून नाही उचलत मग?"

गोदावरीबाईंनी तिच्या मांडीवर झोपलेल्या नातवाच्या डोक्यावरून तोच हात सावकाश फिरवला.



"तिथं काही सांडत नाही ना, बाई. घरी सांडलं का तुले पुसा लागते."