गालावरची खूण

"लेकराला तोंड लावायचं न्हाय म्हंजे न्हाय," राजनंदिनीनं बारशाला आलेल्या बायकांना दारातच बजावलं. "पाळणा हलवा, ववाळा. मुका कुणी घ्यायचा न्हाय."

"आगं, बारसं हाय का दवाखाना?" शेजारची मथुराबाई हसली. "आन् आई कुठं दरोड्याला निघालीय तोंड बांधून?"

हर्षालीनं मास्क सारखा केला. आत ओठाच्या कोपऱ्यात जर, म्हणजे तापाचा फोड, पिकला होता. कॉलेजात असताना पहिल्यांदा उठला, तेव्हापासून वर्षातून चार-पाच वेळा. ऊन लागलं, ताप आला, जागरण झालं की ठरलेला. भूम गावच्या उन्हात ती कधी स्कार्फशिवाय निघाली नाही. पण बाळंतिणीनं झोप कुठून आणायची?

धाराशिवच्या डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं होतं. जर ज्या विषाणूनं उठतो, तो महिन्याच्या आतल्या बाळाच्या मेंदूपर्यंत जाऊ शकतो. ओठ चुणचुणला की लगेच गोळी. फोडाची वाट बघायची नाही, लागण चुणचुणण्यापासूनच होते. अंगावर पाज, पण हात धुऊन, तोंड झाकून. मुका नाही.

नऊ वर्षांनी झालेली लेक. बारा दिवस हर्षाली तिचा वास धुवायला टाकलेल्या दुपट्यातूनच घेत होती.

"जर म्हंजे उष्णता. तूप लाव, बसंल," सासूबाई, कमलबाई, रोज म्हणायच्या. ऐकून घेतलं ते एकट्या नणंदेनं, राजनंदिनीनं. फोनवरच तिनं विचारलं होतं, "फोड आलेल्या माणसानं लांब ऱ्हायचं, एवढंच ना वहिनी?" बाळानं तेव्हाच टाहो फोडला. हर्षाली घाईत "व्हय" म्हणाली आणि फोन ठेवला.

आज मात्र राजनंदिनी पाळण्यापासून हलली नव्हती. कमलबाईंनाही तिनं दोनदा अडवलं. घुगऱ्यांची वाटी आली तशी परत केली.

"लई तिखट हायत, आई."

"कालपतोर ठेचा खात हुतीस की!"

"आन् लिपस्टिक बघा," मथुराबाई म्हणाली. "भाचीच्या बारशाला आत्याच नवरी!"

नाव ठेवायची वेळ झाली. राजनंदिनी पाळण्यात वाकली, बाळाच्या कानाशी तोंड नेलं. "कुर्रर्र... मनस्वी!"

तिच्या पाठीत बायकांचे गुद्दे बसले. नेहमीसारखेच, हसत-खिदळत, जरा जोरात. तिचा तोल गेला आणि तोंड बाळाच्या गालावर टेकलं. ती उठली तेव्हा इवल्या गालावर ओठांची लाल खूण होती. सगळ्या हसल्या. मास्कच्या आत हर्षालीही हसली, किती दिवसांनी.

कमलबाई पदराचं टोक घेऊन पुढं झाल्या. हर्षालीनं त्यांचा हात धरला.

"असू द्या आई. मला जमंना, निदान आत्याचा तरी मुका मिळाला पोरीला."

ती पाळण्याशी बसून त्या खुणेकडं बघत राहिली. आपलेच ओठ तिथं टेकल्यासारखं तिला वाटत होतं.

बायका पांगल्या. राजनंदिनी तिच्याशेजारी येऊन टेकली. रुमालानं तिनं ओठांवरची लिपस्टिक पुसून काढली.

"वहिनी, तुमच्या त्या गोळ्यांतली एक द्या की. सकाळधरनं ओठ चुणचुणतोय, मागच्या खेपेगत. बरं झालं, फोड यायच्या आत नाव ठिवून झालं."