ओली खळ

मे महिन्यात, तेही चोपड्यात, पुस्तकाला लावलेली खळ वाळत नाही म्हणे! बाइंडरचा हा निरोप लीलाधर आबांनी वाचनालयात तिसऱ्यांदा ऐकला, डोक्याला उपरणं गुंडाळलं आणि भर दुपारी दोनला हनीफचं दुकान गाठलं.

आबा उगीच तापले नव्हते. बारा खंडांची ती कादंबरी पार खिळखिळी झालेली. वाचनालयाने सगळे खंड बांधायला टाकले होते, आणि एकेक बांधून आला की आबा फस्त करायचे. पाचव्याच्या शेवटच्या ओळीत नागोजीने पुराच्या तापीत घोडी घातली, आणि सहावा खंड हनीफकडे अडकला. सतरा दिवस झाले, नागोजी पाण्यातच. आबांना जेवण गोड लागेना.

"एवढ्या दिवसांत माणूस वाहत वाहत सुरतेला पोचतो," ते सकाळी बायकोला म्हणाले.

"मग सुरतेला जाऊन पाहा," बेबाबाई म्हणाल्या.

दुकानात हनीफच्या मांडीवर सहावा खंड उघडा होता. नवा पुठ्ठा, नवं कापड, कडक वाळलेला.

"हनीफभाऊ!"

हनीफ दचकला. घाईघाईने पुस्तक मिटलं, पण त्याआधी पानात दोरा ठेवला. तो दोरा आबांनी बरोब्बर पाहिला.

"खळ ओली शे ना? आमच्या घरचे पापड तासाभरात कडकडतात, आन् तुमची खळ सतरा दिवस ओली?"

"चुकलो, आबा. पाच खंड शिवता शिवता वाचून काढले. हा सहावा जाडजूड निघाला. मी उर्दू शाळेचा, मराठी सावकाश लागते मला. आणि तो नागोजी—"

"खबरदार!" आबांनी कानांवर हात ठेवले. "एक अक्षर बोलू नका!"

हनीफने दोरा ओढून काढला, पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि पुढे केलं. "घेऊन जा, आबा. बांधलेलं पुस्तक एकदा गेलं की फाटल्यावरच माझ्याकडे परत येतं. वीस वर्षं तरी लागतात."

आबांनी पुस्तक काखेत मारलं आणि पायरीपर्यंत गेले. नागोजी हाती लागला होता, खुशीत घरी जायचं. पण पाय निघेना. अर्धं पुस्तक राहिलेल्या माणसाच्या हातून ते ओढून न्यायचं, म्हणजे भरल्या ताटावरून उठवणंच की! हे पाप आबांच्याने होईना. ते मागे फिरले आणि पुठ्ठ्यांच्या गठ्ठ्यावर बसले.

"मी मोठ्याने वाचतो. तुम्ही सातवा शिवायला घ्या. पण पहिल्या पानापासून वाचणार, आधीच सांगतो."

"नागोजी पुन्हा पाण्यात?" हनीफचा चेहरा उजळला. "ऐकतो की!"

"आणि तोंडावरून काही कळू द्यायचं नाही."

हनीफ भिंतीकडे तोंड करून बसला आणि सुईत दोरा ओवू लागला. आबांनी चष्मा पुसला. चौथ्या पानावर घोडीचे पाय सुटले, तशी हनीफची सुई थांबली. आबांचा आवाज चढला. रस्त्यावरून जाणाऱ्या एका बाईने टोपली खाली ठेवली आणि उभीच राहिली.

हनीफचा फोन वाजला तेव्हा त्याचे हात खळीने भरले होते. आबांनी उचलला. वाचनालयाच्या कामिनीताई होत्या.

"हनीफभाई, काय चाललंय? आबा दुपारी तणतणत गेलेत. सहावा खंड आज मिळेल का?"

आबांनी हनीफकडे पाहिलं, मग उघड्या पानाकडे. नागोजी अजून मधल्या धारेत होता.

"ताई, मी लीलाधरच बोलतोय," ते म्हणाले. "स्वतः बोट लावून पाहिलं. ओलीच शे. आणि सातव्याचीही काही लवकर वाळेल असं दिसत नाही."