आतून मेलेलं हाड

भाताच्या रोवणीत वाकून वाकून वच्छलाचा गुडघा दुखायला लागला, तेव्हा तिने मोहाडीच्या बाजारात बसणाऱ्या वैद्याची पुडी सुरू केली. दुखणं थांबलं, चेहराही भरला. वर्षभरात मात्र तिला पाय टेकवेना. नागपूरचे डॉक्टर म्हणाले, "पुडीत स्टेरॉइड होतं. गुडघ्याचं हाड आतून मेलंय. सांधा बदलावा लागेल." पुढच्याच बाजाराला ती कुबडी टेकत तिथे गेली. वैद्यापुढे बायांची रांग होती आणि त्यात तिची थोरली जाऊही. "जाऊबाई, नोका घेऊ ते. माह्या हाडाचा जीव गेला त्यानं." जाऊने मान वर केली नाही. "मले समजते, वच्छला. पन तुह्या वाट्याची रोवणी आता मीच करून राहिली ना? माह्ये गुडघे कोन पाहते?" वच्छला कुबडी टेकून रांगेच्या आड उभी होती. मागून कोणीतरी ओरडलं, "बाजूले हो ना बाई!" ती हटली. रांग पुढे सरकली.