पाणी कमी पडतंय

धाकटीने कुंपणावरून दोन्ही हात पुढे केले आणि तळव्यांवरचे फोड दाखवले. तक्रार म्हणून नव्हे. सांगितलेलं काम केलं, हे कळावं म्हणून. गेले पाच दिवस ती सकाळ, दुपार, संध्याकाळ बादल्या वाहत होती, आणि तरी तिचे काकडीचे वेल ऊन चढलं की मान टाकतच होते. दोन वेल तर आज सकाळीही उठले नव्हते.

"ताई, अजून किती घालू पाणी? मातीचा नुसता चिखल झालाय."

थोरली आपल्या बाजूला साबणाच्या पाण्याचा डबा घेऊन उभी होती. सकाळच्या गारव्यात पिवळे पट्टेरी भुंगे सुस्त असतात, तेव्हाच ते पानांवरून टिपून डब्यात टाकायचे, हा तिचा बावीस वर्षांचा नेम. दोघी जावा शेजारी-शेजारी राहायच्या, मध्ये कमरेएवढं तारेचं कुंपण. काकडीचं काहीही विचारायचं असलं की सगळी गल्ली थोरलीकडे यायची. हिने अंगणात काठी रोवली तरी तिला काकडी लागेल, असं तिचा नवरा म्हणायचा. धाकटीने यंदा पहिल्यांदाच बारा वेल लावले होते, तेही पावलोपावली थोरलीला विचारून.

पाणी कमी पडतंय, हे तिला थोरलीनेच सांगितलं होतं. आणि सांगताना थोरलीला पक्कं माहीत होतं, की पाण्याचा इथे काडीचाही संबंध नाही.

कारण मर, म्हणजे उभा वेल सुकवणारा रोग, आधी तिच्याकडेच आली होती. कुंपणाला लागून असलेला तिचा वेल आठवड्यापूर्वी सुकायला लागला. भुंगा रोगट वेल कुरतडतो आणि तसाच जाऊन शेजारच्या वेलावर बसतो. म्हणून असा वेल दिसला की तो लगेच मुळासकट उपटायचा आणि शेजाऱ्यांना हाक मारून सांगायचं, हे तिनेच गल्लीला शिकवलं होतं. पण त्या वेलावर पाच काकड्या भरत आल्या होत्या. शिवाय थोरलीच्या वेलाला मर लागली, हे लोकांना कळलं असतं तर? झाकली मूठ सव्वा लाखाची. रोज पहाटे उठून ती सुकलेली पानं खुडायची आणि उरलेला वेल मांडवावर असा पसरायची, की दुरून हिरवा दिसावा.

आणखीही एक गोष्ट होती, आणि ती तिने स्वतःशीसुद्धा धड कबूल केली नव्हती. धाकटीचे वेल यंदा तिच्या वेलांपेक्षा हातभर उंच गेले होते, आणि जाणारे-येणारे आधी तिकडे थांबायला लागले होते. पाणी कमी पडतंय, असं ऐकल्यावर धाकटीचा चेहरा उतरला होता. तो उतरलेला बघून थोरलीला बरं वाटलं होतं.

आता ते फोड समोर बघून तिला स्वतःची इतकी लाज वाटली, की नजर कुठे ठेवावी कळेना. सांगून टाकावं खरं, तिने ठरवलं. सगळं नाही, तर निदान अर्धं.

ती फाटकातून वळसा घालून पलीकडे गेली. सुकलेल्या वेलाचा जाड भाग तिने सुरीने कापला, दोन्ही कापलेली तोंडं एकमेकांवर दाबून धरली, मनात दहा आकडे मोजले आणि मग ती हळूहळू लांब केली. मध्ये एक पांढुरकी, चिकट तार ताणली गेली.

"बघ. चांगल्या वेलाला अशी तार येत नाही," ती म्हणाली. "ही मर आहे. आतल्या नळ्याच तुंबल्यात. तू अख्खी विहीर ओतलीस तरी पाणी वर चढायचं नाही."

म्हणजे माझं काही चुकलं नाही ना, असं धाकटीने विचारलं. थोरलीने 'नाही' अशी मान हलवली. मग ही आली कुठून, हा पुढचा प्रश्न येणारच होता, आणि तो आला.

"भुंग्यांनी आणली," थोरली सुरी पदराला पुसत म्हणाली. "भुंगे काय, कुठूनही येतात."

धाकटीला ते पटलं. आपल्या हातून चूक झाली नाही, एवढ्यानेच ती इतकी हलकी झाली की तिने डोळे पुसले. मग चिखलात बसून तिने सुकलेले दोन्ही वेल उपटले. पाठोपाठ तिसराही, ज्याचं जेमतेम एक पान झुकलं होतं. ताई, तुमच्या वेलांना माझ्यामुळे मर लागायला नको, असं म्हणत तिने चौथ्याला हात घातला. तो तर चांगला टवटवीत होता, त्याला फुलंही होती. राहू दे गं, एवढंच म्हणायचं होतं, पण थोरली पुसलेली सुरीच पुन्हा पदराला पुसत राहिली. उपटायचा वेल कुंपणापलीकडे उभा होता, आणि ती उपटू देत होती दुसऱ्याचा.

धाकटी मध्येच थांबली. पायाशी पडलेले कापलेल्या वेलाचे दोन तुकडे तिने उचलले, थोरलीने केलं होतं तसंच एकमेकांवर दाबले आणि लांब केले. तार पुन्हा आली. तिने त्या तारेकडे बघितलं, मग मान वर करून कुंपणापलीकडच्या वेलाकडे बघितलं.

"ताई, सोमवारी तुम्ही तुमच्या त्या वेलाचं असंच काहीतरी करत होतात," ती म्हणाली. "मी खिडकीतून बघत होते. मला वाटलं, मोडलेला वेल जोडताय."