डोमा जित्ता पाहिजे

"त्या दगडावर नका बसू, साहेब. इथी खाट हाये."

फौजदार राजदीप चटकन उठला. परसातल्या मोहाखाली तो लांबट दगड आडवा पडून पार शेवाळला होता. सोमारीनं आंबिलीचा गडू त्याच्यापुढं आदळला.

"डोमा पंडुमाले येते, नव्या मोहाच्या सणाले," ती म्हणाली. "त्या दिवशी देवाच्या आवारात हत्यार नेत नाई कोणी. तोही बंदूक बाहेर झाडाले टांगते. तवाच धरा. पण मले जित्ता पाहिजे."

डोमा म्हणजे नक्षल्यांच्या दलमचा, जंगलातल्या टोळीचा कमांडर. भामरागडच्या बाजारातही त्याचं नाव निघालं की लोक आवाज खाली करत.

गावपाटील मंगरू भिंतीला टेकून उभा होता. "जित्ता काऊन? गोळी घाला, साहेब. आज धराल, उद्या वकील सोडवते. मंग तो पहिले माह्याच दारात येईल."

"तुह्या दारात यायले तुह्या घरी भात तरी शिजते का?" सोमारी म्हणाली.

मंगरूनं तोंड फिरवलं. "पोरापायी येडी झाली ही."

"झाली. तुले काय करायचं हाये?"

राजदीप गडूत बघत म्हणाला, "मलाही जिवंतच हवाय, आजी. मेला तर एक मेला. सापडला तर बोलेल, बाकीचेही हाती लागतील. पण तिकडून गोळी आली तर मी शब्द देऊ शकत नाही."

"मंग उठा. दुसरी बाई पाहा."

तो उठला नाही. "बरं, शब्द दिला. जिवंतच धरू," तो म्हणाला. "जीव लई आहे तुझा त्याच्यावर."

सोमारीनं चुलीत लाकूड सारलं.

किती वर्षं डोमा तिच्या ओट्यावर जेवून जात होता. "माय, भात आहे का?" म्हणत यायचा, उकिडवा बसायचा, बंदूक मांडीवर आडवी. सोमारी वाढायची आणि त्याच्या हातांकडं बघत राहायची. कधी काही विचारलं नाही. बंदूक मांडीवर ठेवून जेवणाऱ्याला विचारायचं तरी काय? गावातल्या बाया म्हणत, म्हातारीनं पोटचा मानलाय त्याला. म्हणू दे, म्हणायची ती.

पंडुमाच्या दिवशी डोमा आला. बंदूक झाडाला टांगली, हात धुतले, नव्या मोहाचा घास देवापुढं ठेवायला वाकला, आणि चहूकडून शिपाई धावले. तो आवाराच्या भिंतीकडं पळाला. एका शिपायानं नेम धरला तशी सोमारी मधे जाऊन उभी राहिली.

"चालव! पहिले मले लागू दे!"

शिपायाची बंदूक खाली आली. तेवढ्यात बाकीच्यांनी डोमाला जमिनीवर दाबला.

पुजाऱ्यानं तिच्याकडं पाठ केली. बाया टोपल्या उचलून निघून गेल्या. देवाचा दिवस बाटवला होता तिनं. आता तिच्या हातचं पाणी गावात कोणी घेणार नव्हतं. ते तिला आधीच माहीत होतं.

डोमाचे हात मागं बांधून त्याला गाडीजवळ बसवलं. राजदीप बाजूला झाला. "भेटून घे, आजी. शब्द पाळला मी."

सोमारी डोमासमोर उकिडवी बसली.

"माय, तू?" डोमाचा ओठ फाटला होता.

"मीच." तिनं पदरानं त्याच्या तोंडावरचं रक्त पुसलं. नीट बोलता यावं म्हणून. "आता सांग. बाजाराच्या रस्त्यावरून माह्या पवनले उचललं तुम्ही. खबऱ्या म्हणून तुह्या हातानं मारला. कुठी गाडला? त्याच्या नावाचा दगड घरी मोहाखाली आडवा पडला हाये. त्याच्या मातीवर उभा करायचा हाये मले. तेवढ्यासाठी तुले जित्ता ठेवला."

डोमा तिच्याकडं बघत राहिला. मग त्यानं डोळे मिटले. आठवत होता, अगदी खरोखर आठवत होता. कपाळावर आठ्या पडल्या, ओठ हलले.

"लई होते, माय," तो म्हणाला. "त्याच्यातला पवन कोणता?"