पाद्रीसाहेबांची तपासणी

“आणि झोपेचं विचारलं तर काय सांगाल?”

“चांगली लागते,” पाद्रीसाहेब म्हणाले.

“तसं नाही. ‘पाठ टेकली की लागते’ असं म्हणा. म्हणजे खरं वाटतं.”

बाईंनी नवऱ्याच्या शर्टाचं वरचं बटण लावलं, काढलं आणि पुन्हा लावलं. मिशनचे डॉक्टर फाटकाशी गाडीतून उतरलेही होते. वर्षानुवर्षं दूरच्या केंद्रांवर राबणाऱ्या लोकांना तपासायला ते फिरत. माणूस मोठा गोड बोलायचा. पण एकदा त्यांच्या तोंडून ‘विश्रांती’ हा शब्द निघाला, की समोरच्यानं गाशा गुंडाळलाच म्हणून समजावं. शेजारच्या केंद्रावरचं जोडपं असंच गेलं, ते परत आलंच नाही. तिथल्या दवाखान्याला आता कुलूप होतं.

इथलाही दवाखाना बाईंनी एका कपाटापासून उभा केला होता. तो, शिवणवर्ग, चर्च, वीस वर्षांचा सारा पसारा आज नवऱ्याच्या उत्तरांवर टांगलेला होता. आणि नवऱ्याचं काही खरं नव्हतं. उपदेश ऐन रंगात आला, की ते मध्येच थांबायचे. पहिल्या बाकावरून बाईंनी ओठ हलवून पुढचा शब्द सुचवावा, तेव्हा कुठे गाडी हलायची. जेवताना घास हातात धरून एकटक बघत राहायचे. रात्री तर डोळ्याला डोळा नाही. बाई कधीही कूस बदलोत, यांचे डोळे आपले उघडेच. धाकटीला बोर्डिंगच्या शाळेत सोडून आल्यापासून हे सुरू झालं होतं. बापाचं काळीज, दुसरं काय! बाईंनी मात्र त्याच दिवशी कंबर कसून रोजच्यासारखा दवाखाना उघडला होता.

डॉक्टर येऊन बसले. “काय साहेब, थकवा वगैरे?”

“कसला थकवा?” बाई म्हणाल्या. “रोज सकाळी फिरून येतात.”

“भूक?”

“दोन घास जास्तच.”

“चिडचिड होते का?”

“यांची? अहो, यांच्याच्यानं डास मारवत नाही.”

डॉक्टर हसले. “साहेबांच्या तोंडाला आज सुट्टी दिसते.”

बाई ओशाळल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या. पण कान सगळे बाहेर. बाहेर पाद्रीसाहेब बोलत होते. हळू आवाजात, पण न थांबता. या भोळ्या सांबाला खोटं बोलता येत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. काय काय ओकून बसताहेत, देव जाणे. चहा उतू गेला. उरलेला त्यांनी घाईघाईनं कपांत ओतला आणि ट्रे घेऊन जवळजवळ धावतच त्या बाहेर आल्या.

डॉक्टरांनी ट्रेकडे पाहिलं. “आणखी कुणी यायचंय?”

ट्रेमध्ये चार कप होते. चौथा छोटा, कानाचा टवका उडालेला, धाकटीचा.

“यांनीच चार सांगितले,” बाई पटकन म्हणाल्या. “हल्ली थोडं विसरतात, तेवढंच.” बोलून गेल्या आणि त्यांनी जीभ चावली. पाद्रीसाहेबांनी चहाचं नावसुद्धा काढलं नव्हतं. ते एकटक बघत होते. बाईंनी त्यांना कोपरानं ढोसलं.

डॉक्टरांनी बॅगेतून रक्तदाब मोजायचं यंत्र काढलं. संपलं सगळं, असं बाईंना वाटलं. तरी त्या नवऱ्याची बाही वर सारू लागल्या.

“त्यांची नको,” डॉक्टर म्हणाले. “तुमची.”

“माझी कशाला? कामावर हे आहेत. मी आपली यांची बायको.”

हे त्या अगदी मनापासून म्हणाल्या. देवानंसुद्धा सातव्या दिवशी विसावा घेतला, बाईंचा सातवा दिवस मात्र चर्च झाडण्यापासून सुरू व्हायचा. पण त्याला काम म्हणतात, हे त्यांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

“साहेबांनी फोन करून मला बोलावलंय,” डॉक्टर म्हणाले. “तुमच्यासाठी.”

घरभेदी, असं बाईंच्या मनात आलं. “म्हणजे दवाखान्याला कुलूप?”

“शेजारचे दोघे फार उशिरा गेले, बाई. म्हणून परत आले नाहीत. तुम्ही परत यावं, म्हणून आत्ता पाठवायचंय.”

डॉक्टरांनी बाईंच्या दंडाला पट्टा गुंडाळला आणि हवा भरली. काटा बघून त्यांनी पुन्हा एकदा भरली. मग सहज विचारावं तसं विचारलं, “शेवटची शांत झोप कधी लागली होती?”

“पाठ टेकली की...” बाईंनी सुरुवात केली. पढवलेलं वाक्य तोंडात तयार होतं, पण ते पुढे सरकेना. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. पुढचा शब्द सुचवायची पाळी आज त्यांची होती.

पाद्रीसाहेब एकदाही न अडखळता म्हणाले, “धाकटीला सोडायला निघालो, त्याच्या आदल्या रात्री. तेव्हापासून ही उजाडायची वाट बघत पडलेली असते, आणि मी हिचा डोळा लागायची.”