विम्यातली आई

गोळ्यांच्या डबीचं झाकण टक्कन वाजलं आणि लॅपटॉपसमोर बसलेली वृषाली भानावर आली. आत सासूबाई सकाळची गोळी घेत होत्या.

ऑफिसच्या आरोग्यविम्यात आई किंवा सासू, एकीचंच नाव घालता येणार होतं आणि ते आजच कळवायचं होतं. आईच्या हृदयाची झडप खराब. बाहेरचा विमा तिला कुणी देईना. वृषालीने तिला फोन लावला. मांडीवरची तिची लेक मनूही फोनला कान लावून बसली.

"सासूबाईंचंच नाव घाल," आई म्हणाली. "तुला त्या घरात राहायचंय. मला सत्तरीला मोफत उपचारांचं सरकारी कार्ड मिळेलच की. तीनच तर वर्षं राहिलीत."

"डॉक्टर ऑपरेशनला थांबू नका म्हणालेत, आई."

"त्यांना काय जातंय म्हणायला?" आई हसली आणि हसता हसताच तिला धाप लागली. तिने घाईने फोन ठेवला.

वृषालीने सासूबाईंच्या नावापुढे खूण केली. रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. ती मनूची अर्धी राहिलेली वेणी घालू लागली.

"आई, मी मोठी झाल्यावर तुझं नाव घालायचं, की माझ्या सासूबाईंचं?"